दाबाची दिशा

उज्ज्वला राऊत मंगरूळपीरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची आणि तिथल्याच संशोधन केंद्रात पीएच.डी. करायची. गावाबाहेर नाल्याच्या काठी तिच्या वडिलांचा, बापूरावांचा, दोन एकरांचा मळा होता. सकाळी आईसोबत मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, हाताला लागलेली माती धुवायची आणि दहाच्या तासाला वर्गात उभं राहायचं. दुपारनंतर प्रयोगशाळा. सात वर्षं हेच चाललं होतं.

तिचे मार्गदर्शक देवमन भगत सर मानोऱ्याकडचे. त्यांच्या गावातून पीएच.डी. झालेला दुसरा माणूस अजून नव्हता. केंद्राला यंत्रं घ्यायला कोणी पैसे देत नव्हतं, तेव्हा सरांनी अकोल्याच्या एका दातांच्या लॅबनं टाकून दिलेली भट्टी एसटीत घालून आणली आणि स्वतः तिच्यात नवी तार भरली. त्या भट्टीत उज्ज्वला टिन आणि सेलेनियम एका बंद नळीत वितळवायची. त्यातून करड्या रंगाचा, चकाकणारा पदार्थ तयार व्हायचा. टिन सेलेनाइड.

या पदार्थाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की त्यात सरळ वीज तयार होते. अट एकच. त्याच्यातून वीज सहज वाहिली पाहिजे आणि उष्णता अडली पाहिजे. उष्णता सहज पलीकडे गेली, तर दोन्ही बाजू सारख्याच तापतात आणि वीज मरते. टिन सेलेनाइड थराथरांचा असतो, जाड पुस्तकाच्या पानांसारखा. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना उष्णता अडखळते. सगळ्या जगाला या पदार्थाचं कौतुक होतं ते यासाठी.

उज्ज्वला त्याची भुकटी करायची. ती पोलादी साच्यात भरून, तापवून, वरून दट्ट्यानं दाबायची की दहाच्या नाण्याएवढी चकती निघायची. वीज किती वाहते ते मोजायला लांबट पट्टी लागते. ती पट्टी ती चकतीतून आडवी कापायची आणि इथेच मोजायची. उष्णता मोजायचं यंत्र मात्र इथे नव्हतं. त्यासाठी चकती कुरिअरनं पुण्याच्या एका संस्थेत जायची. तिथे चकतीच्या एका तोंडावर प्रकाशाचा झटका देत आणि मागचं तोंड किती वेळात तापतं ते बघत. म्हणजे वीज मोजली जायची चकतीच्या रुंदीतून आणि उष्णता मोजली जायची तिच्या जाडीतून. पदार्थ सगळ्या दिशांनी सारखा असेल, तर त्यानं काही बिघडत नाही.

पदार्थ सारखा नव्हता. दाब दिला की भुकटीचे बारीक पापुद्रे आडवे पडत होते, एकावर एक. क्ष-किरणांच्या आलेखात एक शिखर बाकीच्यांपेक्षा बरंच उंच आलं होतं, ते त्याचंच लक्षण. उज्ज्वलानं ते पाहिलं होतं. सरांनीही पाहिलं. त्यांनी पेन त्या शिखरावर टेकवून विचारलं होतं, "हे काय हाये? दिशेचा फरक तं नाई ना पडत?"

"नाही सर. दाणे बारीक आहेत. थोडासा कल आहे फक्त."

"नक्की?"

"नक्की."

पेपरमध्ये तिनं एक वाक्य लिहिलं की कणांचा किंचित कल दिसतो, त्याचा परिणाम नगण्य आहे. उष्णतेचा आकडा आला होता ०.४५. विजेच्या आकड्याशी त्याची सांगड घातली तेव्हा पदार्थाचा गुणांक, म्हणजे उष्णतेतून वीज करायची त्याची ताकद, निघाला १.९. बाहेरदेशीच्या एका मोठ्या नियतकालिकानं पेपर घेतला. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला, त्यावर सरांचा आणि उज्ज्वलाचा फोटो. कस्तुराबाई, उज्ज्वलाची आई, भाजीची टोपली घेऊन रोज त्याखालून जायची आणि रोज एकदा वर बघायची.

त्या पेपरमुळे सरांना एक प्रकल्प मिळाला आणि प्रकल्पावर नमरा आली.

नमरा ही रहमतुल्ला चाचांची मुलगी. चाचांचा लेथचा कारखाना बसस्टँडच्या मागे, एका खोलीचा. उज्ज्वलाचा पोलादी साचा त्यांनीच कातून दिला होता. नमरा एम.एस्सी. झालेली, सरांकडेच पीएच.डी.ला नाव नोंदवलेली, कमी बोलणारी, हाताची चलाख. उज्ज्वलाच्या चकतीतून चौकोनी बारीक तुकडे, म्हणजे यंत्राचे पाय, विजेच्या पट्टीसारखेच आडवे कापायचे, ते तांब्याच्या पट्ट्यांवर झाळायचे आणि चुलीला लावता येईल असं वीजयंत्र करायचं, हे तिचं काम होतं. मानोऱ्याकडच्या तांड्यांत वीज जाते ती दोन-दोन दिवस येत नाही. चूल मात्र रोज पेटते. चुलीच्या वाया जाणाऱ्या धगीवर एक दिवा लागला आणि एक मोबाइल चार्ज झाला, तरी पुष्कळ, असं सर म्हणायचे.

गुणांक १.९ धरून नमरानं हिशोब मांडला. दिवा लागायलाच हवा होता.

पहिलं यंत्र अपेक्षेच्या एक तृतीयांश वीजही देईना. दुसरंही तसंच. नमरानं झाळ बदलली, पट्ट्या घासल्या, पाय नव्यानं कापले. अकरा यंत्रं झाली. बारावं त्यातल्या त्यात बरं निघालं. ते घेऊन सर, उज्ज्वला आणि नमरा, तिघंही जानेवारीतल्या एका दुपारी तांड्यावर रुखमाबाईच्या घरी गेली. रुखमाबाईची दोन्ही पोरं सुना-नातवंडांसह ऊसतोडीला गेलेली, घरी ती एकटीच. यंत्र लावणार म्हणून तिनं चूल आधीच सारवून ठेवली होती. आजूबाजूच्या आठ-दहा बाया येऊन ओट्यावर बसल्या.

नमरानं यंत्र चुलीच्या कडेला बसवलं, वर थंड पाण्याचं भांडं ठेवलं, तारा जोडल्या. दिवा लालसर झाला. बाया पुढे सरकल्या. मिनिटाभरात तो लालसरपणाही गेला. नमरानं पाणी बदललं. पुन्हा लालसर, पुन्हा अंधार. भांड्यातलं पाणी कोमट झालं होतं. उष्णता यंत्रातून सरळ वर येत होती. नमरानं पाण्यात बोट घातलं आणि तारा सोडवायला घेतल्या.

"राहू द्या बाई," रुखमाबाई म्हणाली. "पोरीनं मेहनत तं केली. चहा घ्या."

परतताना जीपमध्ये सर पुढे बसले होते. मागे उज्ज्वला आणि नमरा. उज्ज्वलाला लाज वाटत होती आणि लाजेचा राग झाला होता. ती म्हणाली, "पदार्थ तर तोच आहे नमरा. मी मोजलेला आहे. जोडणीतच गडबड होते आहे. काही जणांचा हात बसत नाही, त्याला इलाज नसतो."

नमरा खिडकीबाहेर बघत राहिली. सरांनी हे ऐकलं आणि मान वळवली नाही.

तीन महिन्यांनी नमरानं काम सोडलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, रिसोडला. नवरा इमरान, त्याचं पाइप-नळांचं दुकान. लग्नाचा दावतनामा उज्ज्वलाला आला होता. ती गेली नाही. त्या दिवशी खरंच पेपर तपासणी होती.

मग या वर्षीच्या जानेवारीत उज्ज्वलाचा प्रबंध सादर करण्याआधीची बैठक झाली. बाहेरून आलेले एक प्राध्यापक चांगले होते. सगळं ऐकून घेऊन ते सहज म्हणाले, "पदार्थ थरांचा आहे, तर उष्णता दोन्ही दिशांनी मोजून टाका. एक कोष्टक वाढेल, दुसरं काय."

त्यासाठी जाड ठोकळा पाहिजे होता, म्हणजे त्यातून उभी चकती कापता आली असती. म्हणून उंच साचा पाहिजे. उज्ज्वला रहमतुल्ला चाचांकडे गेली. नमरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्या खोलीत शिरत होती.

"चाचा, एक साचा पाहिजे. आधीसारखाच, पण उंच."

"कायले?"

"पदार्थ दुसऱ्या अंगानं मोजायचा आहे."

चाचांनी तिनं काढलेला नकाशा उजेडात धरला. "हे माप चुकलं तुह्यं. दट्ट्या अटकन इथं. नमरा असती तं तिनं बरोबर काढून देल्ला असता." ते खडूनं फरशीवर नवं माप काढू लागले. आठ दिवसांत साचा तयार झाला. नेहमीचा दाब अपुरा पडेल म्हणून त्यांनी ट्रकचा जॅक बसवायची चौकटही करून दिली आणि स्वतः येऊन ती प्रयोगशाळेत घट्ट केली.

ठोकळा चांगला निघाला. उज्ज्वलानं त्यातून दोन चकत्या कापल्या, एक आडवी, एक उभी, आणि पुण्याला पाठवल्या. तीन आठवड्यांनी, वर्गाच्या दोन तासांमधल्या सुट्टीत, मेल आली. आडव्या चकतीचा आकडा ०.४५. तोच. उभ्या चकतीचा १.२.

तिला वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, चकतीला चीर गेली असेल. तिनं नवा ठोकळा केला, नव्या चकत्या पाठवल्या. पुन्हा तीन आठवडे. तोवर तिनं वर्ग घेतले, जुड्या बांधल्या, आईशी बोलली. मार्च उजाडला आणि मेल आली. १.२.

गणित तिला कागदावर करावं लागलं नाही. वीज ज्या दिशेनं चांगली वाहत होती, त्याच दिशेनं उष्णताही चांगली वाहत होती. पहिल्या पेपरमध्ये वीज एका दिशेची होती आणि उष्णता दुसऱ्या. दोन्ही आकडे एकाच दिशेचे धरले तर गुणांक ०.७. बाजारात मिळणाऱ्या साध्या यंत्रातही याहून बरा माल असतो. रुखमाबाईच्या चुलीवर पाणी कोमट झालं ते याच्यामुळे. नमरानं यंत्राचे पाय उत्तम कापले होते. झाळ उत्तम होती. तिच्या यंत्रांनी बारा वेळा खरा आकडा सांगितला होता.

उज्ज्वलानं कपाटातून जुना क्ष-किरणांचा आलेख काढला. ते शिखर तिथेच होतं, उंच. ती किती वेळ तो कागद धरून बसली ते तिला कळलं नाही. शिपाई दार लावायला आला तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांसमोर दोन्ही मेलांचे कागद ठेवले.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, कागद वाचले. एकदा नाही, तीनदा. मग विचारलं, "कोणाले सांगितलं?"

"कोणालाच नाही."

"ऑगस्टमंधी रिटायर हून राह्यलो मी." ते थांबले. "पाच महिने, उज्ज्वला. पाच महिन्यांनी सांगितलं तं काय बिघडते? ज्याले जे करायचं ते करू दे मंग."

सर खुर्चीतून उठले, भट्टीजवळ गेले आणि बंद भट्टीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांची पाठ तिच्याकडे होती.

"मी तुले विचारलं होतं," ते म्हणाले. "नक्की का म्हणून विचारलं होतं."

"हो सर."

"तू नक्की म्हणाली होती."

"हो."

सर पिशवी उचलून घरी गेले. दोन दिवस कॉलेजात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते पेपर मागे घेत असल्याचं पत्र टाइप करून, सही करून. पत्रात चूक स्पष्ट लिहिली होती आणि कुणा एकाच्या माथी मारलेली नव्हती. दोघांनी, असं लिहिलं होतं. त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

"सही कर. आन् याच्यापुढे माह्यासमोर येऊ नको. मले सहन नाई होत."

तिनं सही केली. त्यानंतर भगत सर तिच्याशी बोलले नाहीत. व्हरांड्यात समोरून आले तर बाजूच्या वर्गात शिरायचे, वर्ग रिकामा असला तरी.

नमराचा नंबर बदलला होता. पत्ता मागायला उज्ज्वला चाचांकडे गेली. लेथ चालू होता. चाचांनी कायले पायजे असं ओरडून विचारलं, तेव्हा तिनंही ओरडूनच सांगायला सुरुवात केली, पण असली गोष्ट ओरडून सांगता येईना. चाचांनी लेथ बंद केला. तिनं सगळं सांगितलं. साचा, थर, दोन आकडे, तांडा, जीप.

चाचा लोखंडाचा कीस हातानं झटकत राहिले, झटकण्यासारखं काही उरलं नाही तरी.

"मंग मी तिले बोललो ते?" ते म्हणाले.

"काय बोलले?"

"रोज रडत ये ती घरी. मी म्हणलो, तुह्याच्यानं होत नाई तं सोड. मॅडम शिकेल-सवरेल हाये, तिचा आकडा चुकन का? आपल्या हातात दम नाई तं कबूल कर." त्यांनी लेथच्या बाकड्यावर हात टेकला. "बाप हाये मी तिचा. कारागीर हाये. ते यंत्राचे पाय म्या हातात घेऊन पाह्यले होते, उज्ज्वला. एक बाल का फरक नव्हता त्याच्यात. तरी म्या तुह्यंच खरं मानलं."

चाचांनी एका पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. "तू जाऊन सांग. माह्याच्यानं नाई होत."

एप्रिलमधल्या रविवारी ती रिसोडला गेली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर घर होतं. नमरानं दार उघडलं. कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी होती. नमरा थोडी जाड झाली होती. आश्चर्य तिनं दाखवलं नाही. बसायला सांगितलं, पाणी दिलं.

उज्ज्वलानं पर्समधून कागद काढला. नमरानं मुलीला खाली सतरंजीवर ठेवलं आणि कागद घेतला. दोन आकड्यांवर तिची नजर थांबली.

"कोणती दिशा?" तिनं विचारलं.

"दाबाला आडवी."

एवढंच पुरलं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. नमरानं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली.

"म्हणजे दिवा कधीच लागणार नव्हता."

"नाही. तुझ्या हातात काही खोट नव्हती नमरा. मी तुला जे बोलले..."

"मॅडम, म्या तुमाले विचारलं होतं."

"काय?"

"सातवं यंत्र झालं तेव्हा. तुमी बाकावर बसून रिझल्टचे मार्क भरून राह्यल्या होत्या. म्या विचारलं, चकती उभी कापून मोजून पाहायची का? तुमी वर न पाहता म्हणल्या, ते पेपरात लिहिलेलं हाये, वाच."

उज्ज्वलाला हे आठवलं नाही. तिनं आठवायचा प्रयत्न केला. मार्कांचे कागद आठवले, बाक आठवला, त्या दिवसातली नमरा कुठेच आठवली नाही. नमरा खोटं बोलत नव्हती.

"मंग म्या वाचलं," नमरा म्हणाली. "तिथं नगण्य लिहिलेलं होतं."

खालून कुणीतरी नळाची तोटी मागत होतं. इमरानचा आवाज आला, मग शटरची खडखड. मुलगी सतरंजीवर पालथी होऊन कोपऱ्याकडे सरकत होती. नमरानं तिला उचलून पुन्हा मधे ठेवलं.

"तू परत येऊ शकतेस," उज्ज्वला म्हणाली. "प्रबंध अर्धा झालेलाच आहे तुझा. मी विद्यापीठात बोलते."

"कोठी येऊ? कोणापाशी?"

सर ऑगस्टमध्ये जाणार होते. त्यांच्यामागे केंद्र चालवायला दुसरं कुणी नव्हतं. प्रकल्पाचे पैसे थांबले होते.

नमरा सावकाश बोलायला लागली. आवाजात राग नव्हता, आणि तोच उज्ज्वलाला सोसवेना. "घरी कुकरची शिट्टी बसोतो तं दोन-दोनदा पाह्यतो मी. हिच्या तोंडात चमचा घालतांनी वाटते, चुकन. इमरान म्हंते, बिलं लिही दुकानाचे, मी नाई लिहत. तुमी आता येऊन सांगता की माह्या हातात काई खोट नव्हती. ऐकलं म्या. पण ते आतमधी जाऊन नाई राह्यलं मॅडम. वरच राह्यते."

"मला माफ कर."

"करीन कधी. आज नाई होत." तिनं कागद परत दिला. "अब्बाले सांगितलं?"

"हो."

"काय म्हणले?"

"त्यांना स्वतः यायचं होतं. जमलं नाही."

नमरा पहिल्यांदाच हसल्यासारखं हसली आणि लगेच तोंड फिरवून मुलीचा लंगोट बदलायला घेतला. उज्ज्वला उठली. जिन्यात तिला कुणी थांबवलं नाही. मंगरूळपीरची गाडी तासाभरानं होती. ती स्टँडवरच्या बाकावर बसून राहिली. शेजारी एक म्हातारी तिला गाड्यांचे बोर्ड वाचून दाखवायला सांगत होती, आणि उज्ज्वला ते वाचून दाखवत होती, एकेक.

मे महिन्यात नियतकालिकानं पेपर मागे घेतल्याची सूचना छापली. जूनमध्ये कॉलेजची तासिकांची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. कारण विचारायला ती गेली नाही. प्रबंधाचा मुख्य आकडाच गेल्यामुळे सात वर्षांतलं जे उरलं, त्यात पदवी मिळण्यासारखं काही नव्हतं. सरांच्या निरोपसमारंभाचं तिला बोलावणं नव्हतं. शिपायाकडून कळलं की सर दोनच मिनिटं बोलले, कॉलेजच्या जुन्या विहिरीबद्दल, आणि खाली बसले.

घरी बापूराव काही विचारत नव्हते. कस्तुराबाईनं एकदाच विचारलं, "पोरी, तुह्यं खरं निघालं का खोटं, येवढं मले सांग."

"खोटं, आई."

"मंग तूच काहून सांगत फिरली?"

उज्ज्वलानं सांगायचा प्रयत्न केला. कस्तुराबाईनं ऐकून घेतलं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला त्यातलं फक्त पोरीचं नुकसान समजलं.

सप्टेंबरच्या शेवटी मोबाइलवर एक मेल आली. ओडिशातल्या एका संशोधकाची, नाव अनोळखी. इंग्रजीतल्या चार ओळी. त्यानं लिहिलं होतं की तो तीन वर्षं तिच्या आकड्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करत होता. दर वेळी त्याचा आकडा ०.७ च्या आसपास येई. त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला निष्काळजी ठरवलं आणि त्याची शिष्यवृत्ती बंद झाली. तो आता एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. त्याला फक्त एकच विचारायचं होतं, की तो क्ष-किरणांचा आलेख छापण्याआधी तुम्ही पाहिला नव्हता का.

मळ्याच्या बांधावर बसून उज्ज्वलानं ते वाचलं. आणखी असे किती असतील हे मोजायला तिच्याकडे काही नव्हतं. तिनं लांब उत्तर लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, त्यात दातांच्या लॅबमधून आणलेल्या भट्टीपासून सगळं सांगितलं, तेही पुसलं. शेवटी दोनच ओळी पाठवल्या. पाहिला होता. तुमचा आकडा बरोबर होता.

त्याचं उत्तर आलं नाही. तिनं आठवडाभर वाट पाहिली, मग मेल उघडणं बंद केलं.